बचत खात्याचं व्याज : बँक कर कापत नाही, पण कळवते



नववीच्या गणित भाग १ मध्ये सहावं प्रकरण आहे, 'अर्थनियोजन'. बचत, गुंतवणूक, पॅन कार्ड, आयकराचे तक्ते असं सगळं त्यात येतं. उदाहरणं सोडवायला मुलांना फार त्रास होत नाही. तक्ता समोर असतो, टक्केवारी काढायची, उपकर मिळवायचा, झालं. पण हा धडा शिकवताना वर्गातून एक प्रश्न येतोच, आणि त्याचं उत्तर पुस्तकात नाही. "सर, पगार शाळेतून मिळतो म्हणून सरकारला माहीत असतो. पण बँकेत किती व्याज मिळालं ते सरकारला कसं कळतं?"

प्रश्न मुलांचा असला तरी उत्तर बऱ्याच मोठ्यांनाही ठाऊक नसतं. स्टाफरूममध्ये नेहमी ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "बचत खात्यावर टीडीएस नाही ना, मग ते व्याज दाखवायची गरज नाही." यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे आणि दुसरा चूक. हा लेख त्या दुसऱ्या भागासाठी.

आपल्या पूर्णा परिसरात हा विषय जरा जास्तच जवळचा आहे. कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात शेतांच्या जागी गोदामं उभी राहिली. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ च्या मार्गावर पूर्णा नावाचं स्थानकच आहे. महामार्ग आणि बुलेट ट्रेनसाठी भिवंडी तालुक्यातल्या जमिनी गेल्या. ज्या घरात पूर्वी भाताची पोती मोजायचे तिथे आता पासबुकातले आकडे मोजतात. पैसा आला तो बँकेत गेला, आणि बँकेत गेला की त्यावर व्याज सुरू झालं. वर्गातल्या कित्येक मुलांच्या आजी-आजोबांच्या नावावर आज मोठ्या रकमा आहेत, आणि त्या आजी-आजोबांनी आयुष्यात कधी रिटर्न भरलेलं नाही.

व्याज जमा होणं, कर कापणं आणि माहिती कळवणं

या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. गोंधळ होतो तो या तिन्ही एकच समजल्यामुळे.

पहिली गोष्ट, व्याज जमा होणं. बचत खात्यावर रोजच्या शिल्लक रकमेवर व्याज मोजलं जातं आणि ते बहुतेक बँका दर तिमाहीला जमा करतात. ही रोजची पद्धत १ एप्रिल २०१० पासूनची. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरायचे. जुन्या शिक्षकांना आठवत असेल, पैसे भरायचे तर १० तारखेच्या आत भरा, असं घरात सांगितलं जायचं. त्यामागचं कारण हेच. व्याजाचा दरही रिझर्व्ह बँक ठरवून द्यायची. ऑक्टोबर २०११ मध्ये ते बंधन गेलं आणि दर ज्या त्या बँकेवर सोपवला. स्टेट बँकेचा बचत खात्याचा दर जून २०२५ पासून २.५ टक्के आहे.

सातवीच्या 'बँक व सरळव्याज' या धड्यानंतर हे उदाहरण फळ्यावर घेता येईल. खात्यात ४०,००० रुपये ९१ दिवस तसेच राहिले, दर २.५ टक्के. तर ४०,००० × २.५ × ९१ भागिले ३६,५००, म्हणजे सुमारे २४९ रुपये. मग मुलांना घरच्या पासबुकात 'क्रेडिट इंटरेस्ट'ची ओळ शोधायला सांगा. रक्कम घरीच राहू द्या, फक्त तारीख वहीत लिहून आणायची. कोणाच्या घरी किती पैसे आहेत ही वर्गात सांगायची गोष्ट नाही, एवढं भान ठेवावंच.

दुसरी गोष्ट, कर कापणं, म्हणजे टीडीएस. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९४अ नुसार बँक मुदत ठेवींच्या व्याजावर कर कापते. आवर्ती ठेव, म्हणजे आपलं आरडी, जून २०१५ पासून त्यात आलं. सहकारी बँकांच्या सभासदांच्या ठेवीही तेव्हापासूनच आल्या. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी मर्यादा अशी : एका बँकेतलं मुदत ठेवींचं वर्षाचं व्याज ५०,००० रुपयांच्या वर गेलं तर १० टक्के कपात, ज्येष्ठ नागरिकांसाठी ही मर्यादा १ लाख. पॅन दिलेला नसेल तर कपात २० टक्के. बचत खात्याचं व्याज मात्र या कलमातून बाहेर ठेवलं आहे. ते कितीही असो, बँक त्यातून कर कापत नाही.

तिसरी गोष्ट, कळवणं. मुलांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

बँकेतून माहिती जाते कशी

कायद्यात कलम २८५बीए आहे. त्यानुसार काही संस्थांना दरवर्षी ठरावीक व्यवहारांची माहिती आयकर विभागाला द्यावीच लागते. २००४ च्या सुमारास ही पद्धत सुरू झाली तेव्हा ती फक्त मोठ्या व्यवहारांपुरती होती. एप्रिल २०१६ पासून तिला 'स्टेटमेंट ऑफ फायनान्शियल ट्रान्झॅक्शन', थोडक्यात एसएफटी, हे नाव मिळालं. २०२१ मध्ये त्यात व्याजाची भर पडली. आता बँका, सहकारी बँका, पोस्ट आणि बिगर-बँकिंग वित्त कंपन्या यांनी खातेदाराला दिलेलं व्याज वर्षातून एकदा कळवायचं असतं. त्यात बचत खात्याचं व्याज आलं, मुदत ठेवीचं आलं, आरडीचंही आलं. आणि इथे ५०,००० वगैरे मर्यादा नाही. जनधन खाती वगळली आहेत, बाकी खात्यांत व्याज शंभर रुपये असलं तरी ते यादीत जातं.

मार्च संपला की बँकेची संगणक प्रणाली प्रत्येक ग्राहकाची सगळी खाती एकत्र करते. आपण केवायसीच्या वेळी पॅन देतो, तो प्रत्येक खात्याला चिकटलेला असतो. त्या पॅनखाली वर्षाचं व्याज मांडून एक मोठी फाइल तयार होते आणि ती ३१ मेपर्यंत आयकर विभागाकडे पोचवायची असते. साहेबाला कोणी फोन करत नाही की चिठ्ठी पाठवत नाही. दहा अक्षर-अंकांचा तो पॅन सगळं जोडून देतो. तुमची भिवंडीत एक, ठाण्यात एक आणि गावाकडे एक अशी तीन बँकांत खाती असली तर तिन्ही बँका आपापली फाइल पाठवतात, आणि पलीकडे ती तुमच्या एकाच पानावर उतरतात.

ते पान म्हणजे एआयएस, वार्षिक माहिती विवरण. नोव्हेंबर २०२१ पासून आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर ते प्रत्येकाला बघता येतं. पूर्वीपासूनचा फॉर्म २६एएस मुख्यतः कापलेला कर दाखवतो. एआयएस त्याच्या पुढचं, कर कापला नसला तरी मिळालेलं उत्पन्न दाखवतं. बचत खात्याचं व्याज २६एएसमध्ये शोधणाऱ्याला ते सापडत नाही आणि तो निश्चिंत होतो. एआयएस उघडलं की तिथे बँकेच्या नावासह ओळ तयार असते.

इथे एक उलटी बाजूही सांगायला हवी. शिक्षकांच्या पतपेढ्या म्हणजे बँका नव्हेत. व्याज कळवणाऱ्यांच्या वर दिलेल्या यादीत त्या नाहीत. त्यामुळे पतपेढीतल्या ठेवीचं व्याज एआयएसमध्ये दिसेलच असं नाही. पण ते उत्पन्न आहेच आणि रिटर्नमध्ये दाखवायचं आहेच. एआयएस ही विभागाकडे पोचलेली माहिती आहे, तुमच्या उत्पन्नाची पूर्ण यादी नव्हे.

एका शिक्षकाचा हिशोब

आकड्यांशिवाय हे पटत नाही, म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली. पगार १२,४०,०००. प्रमाणित वजावट ७५,००० गेली, उरले ११,६५,०००. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत करसवलतीमुळे कर शून्य, म्हणून शाळेने दिलेल्या फॉर्म १६ वर कर शून्य. बाई खूश.

आता बाईंची एक मुदत ठेव आहे, तिचं व्याज ३०,०००. ते ५०,००० च्या खाली, म्हणून बँकेने काही कापलं नाही. बचत खात्याचं व्याज ८,०००. तेही कापलं नाही. दोन्ही मिळवले तर एकूण उत्पन्न १२,०३,००० होतं. म्हणजे बाई १२ लाखांची रेषा ३,००० रुपयांनी ओलांडून गेल्या.

तक्त्याप्रमाणे सरळ मोजलं तर कर ६०,४५० येतो. तीन हजारांसाठी साठ हजार? तसं होऊ नये म्हणून कायद्यात सीमांत सवलत आहे : कर हा रेषेच्या वर गेलेल्या रकमेपेक्षा जास्त असणार नाही. म्हणून कर ३,०००, त्यावर ४ टक्के उपकर १२०, एकूण ३,१२०. (नववीच्या वर्गाला हे उदाहरण जरूर द्या. पुस्तकातले दर जुन्या वर्षाचे आहेत आणि सीमांत सवलत त्यात नाही, पण हुशार मुलं ती स्वतःच "हे अन्यायाचं आहे" म्हणून शोधून काढतात.)

रक्कम छोटी आहे. पण फॉर्म १६ पाहून "माझा कर शून्य" म्हणत तेवढंच रिटर्न भरलं, तर विभागाकडे ३८,००० चं व्याज दिसत असतं आणि रिटर्नमध्ये ते नसतं. दोन आकडे जुळले नाहीत की संदेश येतो, ई-मेल येतो, पुढे नोटीसही येऊ शकते. मग सुधारित रिटर्न, व्याज, धावपळ. शाळेचा क्लार्क यात दोषी नसतो, कारण शाळेला तुमचं बँकेतलं व्याज माहीत असण्याचं कारणच नाही. तुम्ही लेखी कळवलंत तरच ते फॉर्म १६ मध्ये धरलं जातं.

"पण बचत खात्याचे दहा हजार माफ असतात ना?" असतात, पण जुन्या करप्रणालीत. कलम ८०टीटीए खाली १०,००० पर्यंत वजावट मिळते, ज्येष्ठांना ८०टीटीबी खाली बचत आणि मुदत ठेव मिळून ५०,००० पर्यंत. नव्या प्रणालीत या दोन्ही नाहीत, आणि २०२३-२४ पासून आपण वेगळं सांगितलं नाही तर नवी प्रणालीच धरली जाते. शिवाय जुन्या प्रणालीतही ही वजावट आहे. आधी पूर्ण व्याज उत्पन्नात दाखवायचं आणि मग वजा करायचं. मुळातच न दाखवणं म्हणजे वजावट घेणं नव्हे.

आजीच्या खात्यातला मोबदला

हा भाग पालकांनी सावकाश वाचावा.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली निवाड्याने किंवा कराराने मिळालेल्या मोबदल्यावर आयकर लागत नाही, त्या कायद्याचं कलम ९६ तसं सांगतं. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि खरं आहे. (गोदामवाल्याला खासगी खरेदीखताने विकलेली जमीन यात बसत नाही. तो हिशोब वेगळा, तो इथे नको.) पण 'मोबदला करमुक्त' याचा अर्थ लोक 'त्या पैशाचं सगळंच करमुक्त' असा घेतात. तसं नाही. मोबदला बँकेत पडला की त्या दिवसापासून त्यावर मिळणारं व्याज हे नेहमीसारखंच करपात्र उत्पन्न.

समजा ७० वर्षांच्या आजीच्या बचत खात्यात ६० लाख रुपये आले. तिने ते ६.५ टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकले. वर्षाचं व्याज ३,९०,०००. आजीला दुसरं उत्पन्न नाही. नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे तिचा कर शून्य. पण व्याज १ लाखाच्या वर गेल्यामुळे बँक १० टक्के, म्हणजे ३९,००० रुपये कापणार. वर्षाच्या सुरुवातीला तिने बँकेत फॉर्म १५एच दिला असता तर कापले नसते. ६० वर्षांखालच्यांसाठी असाच १५जी होता, त्याच्या अटी जरा कडक. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू झाला, त्यात फॉर्मचे आणि कलमांचे क्रमांक बदललेत. तेव्हा यंदा बँकेत जाऊन "व्याजावर कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म" असंच मागावं. २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याप्रमाणे भरायचं.

कापलेले ३९,००० परत हवेत तर रिटर्न भरावंच लागेल, दुसरा मार्ग नाही. आणि आजीच्या बाबतीत आणखी एक नियम आहे जो फारच थोड्यांना माहीत असतो. एका वर्षात बचत खात्यांत एकूण ५० लाख किंवा जास्त जमा झाले, तर उत्पन्न करमर्यादेखाली असलं तरी रिटर्न भरणं बंधनकारक आहे. २०२२ पासून हा नियम आहे. जमा कशातून झालं, रोख की आरटीजीएस, करमुक्त की करपात्र, याने फरक पडत नाही. शिवाय वर्षात १० लाख किंवा जास्त रकमेच्या नव्या मुदत ठेवी केल्या की बँक तेही स्वतंत्रपणे कळवते. म्हणजे आजीच्या एआयएसमध्ये व्याजही दिसतं आणि ठेवही दिसते.

भावा-बहिणींचा मोबदला सोयीसाठी एकाच्या खात्यात ठेवला असेल तर तिढा जास्त. संयुक्त खात्यातही व्याज साधारणपणे पहिल्या नावावर कळवलं जातं. पैसे चौघांचे, पण कागदावर उत्पन्न एकट्याचं. अशा वेळी बँकेला लेखी घोषणापत्र देता येतं की व्याजात कोणाचा किती वाटा आहे. ते वर्ष संपण्याआधी द्यावं. सगळ्यांत बरं म्हणजे रक्कम आली की वाटे ज्याच्या त्याच्या खात्यात टाकणं. नंतर भांडण झालं की व्याज कोणाचं आणि कर कोणी भरायचा, यावरच निम्मा वेळ जातो.

आणखी एक फसगत 'मुदतीअखेर एकदम मिळणाऱ्या' ठेवीची. पाच वर्षांनी पैसे हातात येतात म्हणून पाच वर्षांनी कर, असं लोक धरून चालतात. बँक मात्र दरवर्षीचं व्याज दरवर्षी मोजते, दरवर्षी कळवते, मर्यादेच्या वर असेल तर दरवर्षी कापते. आपणही दरवर्षीचं दरवर्षी दाखवलं तर आकडे जुळतात.

मुलांच्या नावच्या खात्यांबद्दल थोडंसं. अल्पवयीन मुलाच्या ठेवीचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवायचं असतं. जुन्या प्रणालीत दर मुलामागे १,५०० रुपयांची सूट आहे, नव्यात नाही. सुकन्या समृद्धीचं व्याज करमुक्त आहे. शिष्यवृत्तीच्या खात्यावर पडणारे पाच-पन्नास रुपये कोणाला अडचणीत आणणार नाहीत, पण आजोबांनी नातवाच्या नावे केलेली पाच लाखांची ठेव वडिलांच्या हिशोबात येते हे आजोबांनाही सांगायला हवं.

एआयएस उघडून काय पाहायचं

घाई करून एप्रिलमध्ये रिटर्न भरू नका. बँकांची मुदतच ३१ मे आहे, त्यामुळे एप्रिलमधलं एआयएस अर्धवट असतं. जूनच्या मध्यानंतर पाहावं. आधी प्रत्येक बँकेकडून व्याजाचा दाखला घ्यावा, मग पोर्टलवर लॉगिन करून एआयएस उघडावं. पीडीएफ उतरवली तर पासवर्ड म्हणजे पॅन लहान अक्षरांत आणि लगेच पुढे जन्मतारीख आठ अंकांत. दाखला आणि एआयएस शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवायची. बंद केलेलं खातं, विसरलेलं खातं, मार्चअखेरचं व्याज एखाद्या बँकेने १ एप्रिलला जमा करणं, अशा कारणांनी फरक पडतो.

फरक दिसला तर त्या ओळीसमोर अभिप्राय देण्याची सोय आहे. माहिती बरोबर आहे, पूर्ण बरोबर नाही, दुसऱ्या पॅनची किंवा दुसऱ्या वर्षाची आहे, दोनदा आली आहे, किंवा मान्यच नाही, यांतला एक पर्याय निवडायचा. तो बँकेकडे खात्रीसाठी जातो. बँकेने चूक मान्य केली तर तिला माहिती दुरुस्त करून पाठवावी लागते. नुसता बँकेत जाऊन वाद घालण्यापेक्षा हे बरं, कारण त्याची नोंद राहते.

शिक्षकांनी, विशेषतः मुख्याध्यापकांनी, एक ओळ जास्त बारकाईने पाहावी. शाळा व्यवस्थापन समितीचं, स्नेहसंमेलनाचं, माजी विद्यार्थी मंडळाचं किंवा गावातल्या एखाद्या मंडळाचं खातं उघडताना संस्थेचा पॅन नव्हता म्हणून सही करणाऱ्याचा वैयक्तिक पॅन दिला गेला, असं होऊ शकतं. मग निधी शाळेचा आणि व्याज सरांच्या एआयएसमध्ये. ओळखायची खूण सोपी आहे. पॅनमधलं चौथं अक्षर 'पी' असेल तर तो व्यक्तीचा पॅन. न्यासासाठी तिथे 'टी' असतं, व्यक्तिसमूहासाठी 'ए'. समितीच्या पासबुकाला जोडलेल्या पॅनचं चौथं अक्षर 'पी' निघालं तर बँकेला समितीच्या ठरावासह पत्र द्यावं, संस्थेच्या पॅनसाठी अर्ज करावा, आणि आपल्या एआयएसमध्ये त्या ओळीसमोर 'दुसऱ्या पॅनची माहिती' हा पर्याय निवडावा. बदली होण्याआधी हे करावं. बदलीनंतर खात्यावरची सही बदलते, पण पॅन बहुधा तसाच राहतो, आणि शाळेचं व्याज पुढची कित्येक वर्षं जुन्या सरांच्या नावावर कळवलं जातं.